वांगडा

आमच्या लालबागच्या चाळीत नवरा-बायको एका दारातून बाहेर पडत, पण रस्त्याला लागले की दोन परकी माणसं होत. नवरा पुढे, बायको मागे, आणि मध्ये एखादी हातगाडी सहज जाईल एवढं अंतर. कोकणातून मुंबईला येताना आमच्या लोकांनी गावातलं पुष्कळ काही मागे टाकलं, पण कुळथाचं पीठ आणि हे अंतर मात्र आठवणीनं बरोबर आणलं. बायको येतेय की नाही हे बघायला नवऱ्यानं मागे वळायचं नाही. वळला की गल्लीच्या तोंडावर बसलेली पोरं त्याला 'बायल्या' म्हणून मोकळी होत, आणि ते नाव एकदा चिकटलं की केस पिकले तरी सुटत नसे.

माझा दादा, आनंदा, या बाबतीत सगळ्यांत कडक होता. त्याला एकदा चटका बसला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी लक्ष्मीवैनी हिवतापानं पडली. मी तेव्हा लहान, आईचा हात दुखत होता, म्हणून दादानं खालच्या नळावरून दोन हंडे भरून आणले. त्यात काय एवढं? पण ते गुणाजीनं बघितलं. गुणाजी आमच्याच गावचा गिरणीकामगार, खाणावळीत यावं तसा आमच्याकडे जेवायला असे; जेवायचा आमच्या घरात आणि पचवायचा चाळभर फिरून. संध्याकाळपर्यंत दादाचं नाव 'पाणक्या' पडलं होतं. दुसऱ्या दिवशी गिरणीत, त्याच्या फोल्डिंग खात्यात, कुणीतरी त्याच्या टेबलावर खडूनं हंडा काढून ठेवला. त्या दिवसापासून दादानं चारचौघांत वैनीकडे डोळा वर करून बघणंही सोडलं.

नाव घेणं तर दूरच. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आमच्याकडे नवराही बायकोचं नाव घेत नसे. घरात मूल अजून नव्हतं, त्यामुळे दोघांच्या मधला पोस्टमन मी. "सुभद्रे, भूक लागली म्हणून सांग तिका," असं दादा म्हणायचा, आणि ती दोन हातांवर चुलीशी बसलेली असायची. ती मला सांगायची, "सुभद्राबाय, झालाच म्हणान सांगा त्यांका." मी तोंड उघडायच्या आत ताट मांडलेलं असे. मी घरात नसले तर दादा दाराच्या कडीशी बोलायचा आणि वैनी चुलीशी. एकदा मी वैतागून दोघांना म्हटलं, तुम्ही आपापसात बोला, मला त्याचा पगार मिळत नाही. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

पण ही झाली चारचौघांतली गोष्ट. आमच्या जिन्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक वळण होतं. तिथे भरदुपारीही अंधार असे. बाजारातून येताना दादा पुढे चढून जायचा आणि त्या वळणावर थांबायचा. वैनी आली की तिच्या हातातली पिशवी घ्यायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "दमलंस गो?" ती काहीतरी पुटपुटायची. तिसरा मजला आला की पिशवी परत तिच्या हातात, आणि दादा पुन्हा चार पायऱ्या पुढे. हे मला कसं कळलं ते विचारू नका. मी त्या वळणाच्या वरच्या पायरीवर चिंचा खात बसत असे, एवढंच सांगते.

रस्त्यातही त्याची एक युक्ती होती. गर्दीत वैनी फार मागे पडली असं वाटलं की तो वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागे. चपलेचा अंगठा काही तुटलेला नसे. मागून वैनीच्या जोडव्यांचा आवाज जवळ आला की उभा राहायचा आणि चालू लागायचा. मागे न बघता सोबत करायची ही कला आमच्या चाळीत बऱ्याच नवऱ्यांना येत होती. ज्या घरात प्रेम असेल त्या घरातल्या नवऱ्याच्या चपला फार वेळा बिघडत, असं मी म्हणत असे.

तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून गिरणगाव पेटलं होतं. त्या दिवशी हरताळ होता. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्राम बंद. सकाळी शिवाजी पार्कवर सभा होती आणि चाळीतून माणसांची रीघ लागली होती. बायकाही निघाल्या होत्या. आईला ताप होता म्हणून मी घरी राहणार होते. वैनीनं हिरवं लुगडं नेसलं, भाकरीची पुरचुंडी घेतली, आणि दाराशी उभी राहून मला म्हणाली, "सुभद्राबाय, त्यांका सांगा, आज गर्दी खूप आसतली. आज मी वांगडा चलतंय."

वांगडा म्हणजे सोबत, बरोबरीनं. एवढा साधा शब्द. गुणाजी भिंतीला टेकून विडी ओढत होता, तो शब्द ऐकून त्यानं विडी तोंडातून काढली. दादाचे कान लाल झाले. त्यानं कडीला सांगितलं, "लोका काय म्हणतली? येवचा तर मागसून ये म्हणा." आणि निघून गेला. वैनीनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्याच्या मागे गेली. मला तेव्हाच दादाचा राग आला होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, रीत ती रीत. झालं.

दुपारी बाराच्या सुमारास लोक परतायला लागले. कुणी घोषणा देत, कुणी डोळे चोळत. सभा सुटल्यावर गोखले रोडवर गडबड झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले, असं पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं. मी सज्जात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं दादा दिसला. एकटाच, मान खाली, नेहमीच्या चालीनं. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर एक बाई दिसत होती, पण ऊन डोळ्यांवर होतं आणि तिचा पदर कपाळावर होता. मी म्हटलं, आली वैनी, आणि पाण्याचा तांब्या भरायला आत वळले.

त्यानंतर जिन्यात जे झालं ते जाईबाईनं नंतर सगळ्या चाळीला सांगितलं, म्हणून मलाही माहीत. दादा वळणावर थांबला. मागून जोडव्यांचा आवाज वर येत होता. त्यानं अंधारात हात पुढे केला आणि विचारलं, "दमलंस गो? दी ती पिशवी." जाईबाई आमच्या वरच्या मजल्यावरची, पन्नाशीची, वाइंडिंग खात्यात काम करणारी आडदांड बाई. ती म्हणाली, "पिशवी नाही रे माझ्याकडं. पण विचारलंस ते बरं वाटलं. मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

दादा शिवाजी पार्कपासून जाईबाईची जोडवी ऐकत आला होता. म्हणजे नेमकं कुठपासून ते त्यालाही सांगता येईना. गोखले रोडवर पळापळ झाली तेव्हा तोही पळाला, मग एल्फिन्स्टनच्या पुलापाशी येऊन उभा राहिला. तिथे त्यानं चपलेचा अंगठा नीट केला. बराच वेळ केला, म्हणाला. मागे जोडवी वाजली. तो उभा राहिला आणि चालू लागला. रस्ते ओस पडलेले, ट्राम नाही, लॉरी नाही, त्यामुळे जोडवी अगदी स्वच्छ ऐकू येत होती. परळ गेलं, लालबाग आलं. एवढ्या वाटेत त्यानं एकदाही मान वळवली नाही.

तो दारात आला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. जाईबाईनंच मागून येऊन सांगितलं. आई तापातून उठून बसली. "बायलेक खंय टाकून इलंस?" असं तिनं विचारलं. दादा म्हणाला, मला वाटलं ती मागे आहे. आई म्हणाली, "वाटला? बघलंस नाय?" आणि मग तिलाच कळलं असावं की हे आपण कुठल्या तोंडानं विचारतोय, कारण तिनं नजर खाली घातली. रीत तिचीच होती.

जाईबाईला एवढंच आठवत होतं की धूर सुटल्यावर काही बायका डाव्या-उजव्या गल्ल्यांत, प्रभादेवीच्या बाजूला पळाल्या होत्या. हिरव्या लुगड्याची एक बाई पडल्यासारखी वाटली. ती लक्ष्मी होती की नव्हती हे ती देवाशपथ सांगू शकत नव्हती. दादा जिना उतरायला लागला. मी चपला घातल्या आणि मागे धावले. आईनं आवाज दिला, "आनंदा, तोंड आसा मां तुका? मगे जोरान आराड. माणूस गावापर्यंत आराड." ओरड म्हणत होती, माणूस सापडेपर्यंत ओरड. माझी आई कुणाला ओरडायला सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आधी परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे डोळे बांधलेली, डोकी फुटलेली माणसं बाकांवर बसली होती. टेबलामागच्या माणसानं विचारलं, कोण हरवलंय? दादा म्हणाला, "आमची माणसा." कोण माणसं, नाव काय? दादानं माझ्याकडे बघितलं. तिथेही, तशा वेळेलाही, त्याला ते नाव घेता येईना. मी दात-ओठ खात नाव सांगितलं. त्या नावाची कुणी आली नव्हती. मग पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारानं विचारलं, लुगडं कसलं? मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "हिरवा. किरमिजी काठ. पदराक उजव्या बाजूक रफू केलला हा, बोटभर." कपाळावर? "गोंदण. बारीक. कुकवाखाली, दिसणा नाय कोणाक." मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसानं रस्त्यात कधी मान वळवली नाही, त्याला रफू कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक होतं. लबाड! बघत होता तर. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही त्याच्यावरच काढावेसे वाटले.

चौकीतही ती नव्हती. बाहेर आलो तर नाक्यावर रमाकांत भेटला. रमाकांत समितीचं काम करणारा, दादरच्या शाळेत मास्तर. हातगाडीवर मोठा कर्णा बांधून, बॅटरी ठेवून तो सकाळपासून फिरत होता. शांतता राखा, अफवांवर विश्वास ठेवू नका, हरवलेली मुलं अमुक ठिकाणी आणून सोडा, असं सांगत होता. आमची कथा ऐकल्यावर तो म्हणाला, चला प्रभादेवीला, मी पुकारतो. गाडी ढकलणारा माणूस होता, दादानं दुसरी बाजू धरली, मी मागून. पूल ओलांडून आम्ही गोखले रोडला लागलो. रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. दादा प्रत्येक चपलेकडे बघत चालला होता.

पण रमाकांतचा घसा सकाळपासून घोषणा देऊन बसला होता. प्रभादेवीच्या पहिल्या गल्लीत शिरेपर्यंत त्याच्या घशातून नुसती हवा यायला लागली. त्यानं माझ्याकडे बघून मायक्रोफोन पुढे केला. मी घेणार होते. मला कसली लाज? पण दादानं मधेच हात घातला.

"माका दी," म्हणाला.

त्यानं तो कांडका तोंडाशी धरला आणि उभा राहिला. कर्णा खरखरला. सज्जांमध्ये माणसं आली, खिडक्या उघडल्या. प्रभादेवीच्या त्या जुन्या गल्ल्या, कौलारू घरं, पुढे ओटे, मागे नारळाची झाडं. आमच्या चाळीसारखी माणसांची दाटी तिथे नव्हती, पण बघणारे डोळे पुष्कळ. दादा म्हणाला, "आमची मंडळी हरवली आसत." एका ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं आस्थेनं विचारलं, किती जण? दादा म्हणाला, एक. म्हातारा गोंधळला. वरून कुणीतरी पोरगं फिसकन हसलं. मी त्या खिडकीकडे असं बघितलं की खिडकी बंद झाली.

गाडी पुढे सरकली. दादानं घाम पुसला. आणि मग मी ते ऐकलं. पहिल्यांदा इतकं हळू की कर्ण्यातूनही जेमतेम आलं.

"लक्ष्मी."

मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. "लक्ष्मी, खंय आसस? मी हंय आसंय. ओ दी." कर्ण्यातून त्याचा आवाज फाटून येत होता, घरांवर आपटून परत येत होता. चाळीतली पोरं तिथे नव्हती, गुणाजी नव्हता, पण माणसं तर होती. रस्त्यात उभा राहून एक पुरुष आपल्या बायकोला नावानं हाका मारतोय, असं त्या गल्लीनंही कधी बघितलं नसावं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हसत कुणी नव्हतं. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पुढे वाट नव्हती, नुसत्या माडांच्या बागा आणि पलीकडे समुद्र. कुणीही ओ दिली नाही.

रमाकांतनं गाडी वळवायला सांगितली. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं, त्याला आता दुसऱ्या इस्पितळाचं नाव सुचवायचं होतं. दादाला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं पुन्हा मायक्रोफोन तोंडाशी धरला. मला वाटलं, पुन्हा तशीच हाक मारील. पण या वेळी त्यानं लोकांसाठी पुकारलं नाही. तो तिच्याशी बोलायलाच लागला, जसा जिन्याच्या वळणावर बोलत असे तसा. फक्त कर्णा मध्ये होता.

"लक्ष्मी, मी मागे वळान बघूक नाय. तुझी जोडवी म्हणान दुसऱ्याचीच आयकत घराक गेलंय. सकाळी तू म्हटलंस, वांगडा चलतंय. मी नको म्हटलंय. माझा चुकला गो. आता चल वांगडा. लालबागपर्यंत वांगडा चल, चाळीत वांगडा चल. लोकांका काय म्हणाचा ता म्हणांदेत. फक्त ओ दी."

माझ्या बाजूला उभी असलेली एक बाई पदरानं डोळे टिपायला लागली आणि मला म्हणाली, सकाळच्या धुरानं अजून चुरचुरतंय. मी म्हटलं, हो, माझंही तेच.

तेवढ्यात मधल्या एका जुन्या बंगलीचं फाटक उघडलं आणि एक गोरीपान, उंच म्हातारी बाहेर आली. पाठारे प्रभूंचं घर असावं. तिच्या अंगावर भारी पातळ होतं आणि हातात ओलं फडकं. यशोदाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिनं हात वर करून गाडी थांबवली आणि दादाला म्हणाली, "अहो, पुरे आता. तुमची लक्ष्मी माझ्या घरात आहे. धड आहे. या आत."

दादा आत गेला नाही. उंबऱ्यावरच बसला, मटकन. मी आत धावले. वैनी झोपाळ्यावर बसली होती, डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी, एक पाय सुजून भोपळा झालेला. धूर डोळ्यांत गेल्यावर तिला दिसेना, कुणाचा तरी धक्का लागून ती गटाराच्या कडेला पडली, आणि यशोदाबाईंनी तिला हाताला धरून घरात आणलं, एवढी हकिगत होती. निरोप पाठवायचा तर हरताळाच्या दिवशी पाठवणार कुणाबरोबर? मी तिला मिठी मारली. तिनं विचारलं, "ते भायर आसत?" मी म्हटलं, आहेत, उंबऱ्यावर बसलेत. ती फडक्याखाली हसली की रडली ते मला कळलं नाही.

रमाकांतनं सुचवलं, वहिनींना गाडीवर बसवू. वैनी नको म्हणाली. मी चालते, म्हणाली, थोडं चालू, थोडं थांबू. आणि तिनं हात पुढे केला. दादानं तो धरला. दोघं एकमेकांच्या शेजारी, एका चालीनं, गल्लीतून बाहेर पडली. ती लंगडत होती म्हणून धरावंच लागत होतं, हे खरं. पण मी मागून बघत होते. जिथे धरावं लागत नव्हतं तिथेही तो हात सुटत नव्हता. पुलावर दोघं थांबली, तेव्हा दादानं तिला विचारलं, दमलंस? उजेडात, सगळ्यांदेखत. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

परळपर्यंत सगळं छान होतं. पण परकी गल्ली वेगळी आणि आपली वेगळी. लालबागच्या नाक्यावर आलो तसा दादाचा पाय जड व्हायला लागला. गल्लीच्या तोंडावर पोरं बसली होती. सज्जे माणसांनी भरले होते, कारण हरवलेलं माणूस सापडल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. गुणाजी पुढेच उभा. तो काही दुष्ट माणूस नव्हता, पण जीभ ताब्यात नसलेला. त्याच्या तोंडून निघालंच, "पाणक्या इलो रे."

दोघंचौघं हसली. दादाचा हात सुटला. सवयीनं त्याची पावलं पुढे पडली, एक, दोन, चार. वैनी होती तिथेच उभी राहिली. तिनं हाक मारली नाही, पाऊलही पुढे टाकलं नाही. तिला धड दिसतही नव्हतं. मी तिला धरायला जाणार होते, पण तिनं हातानंच मला थांब म्हणून खुणावलं.

दादा आणखी थोडा चालला आणि थांबला. मला वाटलं, आता हा चपलेचा अंगठा नीट करणार, आणि केला असता तर मी तीच चप्पल काढून त्याला हाणली असती, मोठा भाऊ असला म्हणून काय झालं. पण तो वाकला नाही. त्यानं मान वळवली. मग सगळाच वळला, आणि सगळ्या चाळीदेखत मागे चालत आला. गुणाजीच्या अंगावरून जाताना त्याला म्हणाला, "व्हय. पाणक्या. उद्यापासून रोज पाणी भरतलंय. बघूक ये." आणि त्यानं वैनीचा हात धरला.

जाईबाईनं वरून एकच आवाज दिला, की हा माणूस जिन्यात परक्या बाईची एवढी विचारपूस करतो तर स्वतःच्या बायकोची करू दे की मेल्यांनो. मग मात्र सगळे हसले, आणि ते हसणं वेगळं होतं. आई अंगावर चादर घेऊन सज्जात उभी होती. मी तिच्याकडे घाबरत घाबरत बघितलं. ती म्हणाली, "सावकाश चला. जिन्याची पायरी मोडकी आसा, दोघांनी एकदम पाय ठेवू नकात." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नळावर हंडे भरत होता आणि मी वैनीच्या पायाला आंबेहळदीचा लेप लावत बसले होते. तिचे डोळे निवळले होते. मी तिला म्हटलं, वैनी, एक विचारू का? दादा त्या गल्लीतून पहिल्यांदा गेला तेव्हाही तुझ्या नावानं ओरडत होता. कर्णा तर यशोदाबाईंच्या खिडकीखालूनच गेला. तेव्हा ओ का दिली नाहीस? आमचा जीव टांगणीला लागला होता. तुला ऐकू आलं नाही का?

ती म्हणाली, आलं. यशोदाबाईंनी तर विचारलंही होतं, अगं, ही लक्ष्मी तू तर नव्हेस? आणि हिनं सांगितलं होतं, छे, ती दुसरी कुणी असेल.

मी लेप लावायची थांबले. दुसरी कशी? तुला दादाचा आवाज ओळखता आला नाही? 'वांगडा' ऐकल्यावरच कळलं?

वैनी खाली बघून लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली. नळावरून हंडा भरल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "त्यांच्या तोंडात माझा नाव कसा वाजता, ता माका म्हायत खंय होता, सुभद्राबाय? मी डोळे मिटून आयकत ऱ्हवलंय. कोणतरी आपल्या बायलेक इतक्या जीवान हाक मारता. माका त्या लक्ष्मीचो हेवो वाटलो."